प्रतिसरकारनंतरचे नाना पाटील (लेखांक तिसरा)

क्रांतिसिंह नाना पाटलांची कहाणी बहुतेक ठिकाणी १९४६ साली, ते भूमिगत जीवनातून बाहेर येतात तिथेच थांबते. १९७६ साली त्यांचं निधन झालं. म्हणजे मधली तीस वर्षं एखाद्या परिच्छेदात उरकली जातात, आणि तीही अशा सुरात की एवढा मोठा क्रांतिकारक उतारवयात भलत्याच वाटेला लागला. ही मांडणी मला साफ नामंजूर आहे. नाना कम्युनिस्ट झाले ते प्रतिसरकारचीच, म्हणजे साताऱ्यात इंग्रज राजवटीला समांतर उभ्या केलेल्या सरकारचीच, वाट पुढे चालत राहिल्यामुळे.

प्रतिसरकारने प्रत्यक्षात काय केलं ते नीट पाहावं. रेल्वे आणि खजिन्यावरचे छापे सगळ्यांच्या लक्षात राहतात, पण वाळवा, तासगाव, कराड या पट्ट्यातल्या माणसाला त्या सत्तेचा रोजचा अनुभव आला तो न्यायदान मंडळांतून. सावकाराने गिळलेली जमीन, गावगुंडांचा जाच, बाईवर झालेला अन्याय असे तंटे तिथे चालत आणि निकाल अमलातही येत. कर्ज काढून लग्न करण्याची पद्धत मोडून काढण्यासाठी कमी खर्चाचे गांधी विवाह लावले गेले. हे सगळं आकाशातून पडलं नव्हतं. येडेमच्छिंद्रच्या या शेतकऱ्याच्या मुलावर सत्यशोधक चळवळीचा संस्कार होता आणि १९३० साली सोडलेल्या तलाठ्याच्या नोकरीत सातबारा, सारा आणि सावकार यांचं नातं त्यांनी आतून पाहिलं होतं. इंग्रज गेल्यावर हे नातं आपोआप तुटणार नव्हतं. १९४८च्या कूळकायद्याने कुळांना संरक्षण दिलं खरं, पण स्वतः कसण्याच्या नावाखाली जमीन परत घेण्याची सोय मालकांनाही ठेवली आणि तिचा वापर करून कितीतरी कुळं उठवली गेली. नाना काँग्रेसमधून शेतकरी कामगार पक्षात (शेकाप) आणि तिथून पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले, त्यामागे हा न सुटलेला प्रश्न होता.

यावर सर्वांत जड आक्षेप बेचाळीसचा. ज्या पक्षाने दुसऱ्या महायुद्धाला लोकयुद्ध मानण्याची भूमिका घेऊन ‘चले जाव’ला विरोध केला, त्याच पक्षात बेचाळीसचा हा नायक कसा गेला? प्रश्न रास्त आहे, आणि पक्षाची ती चूक मी लहान मानत नाही. पण नाना त्या पक्षात गेले ते १९५०च्या दशकात. तोवर वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा आणि तेलंगणातला जमिनीचा लढा होऊन गेला होता, आणि दोन्हीकडे लाल बावटाच पुढे होता. जमिनीच्या प्रश्नावर लढणारा पक्ष शोधणाऱ्या माणसाने या लढ्यांचं वजन बेचाळीसच्या भूमिकेपेक्षा जास्त मानलं, तर त्यात विसंगती दिसत नाही.

दुसरा आक्षेप असा की काँग्रेसमध्ये स्थान न मिळाल्याचा हा राग होता. मग परतीच्या वाटेचं काय? शेकाप काढणारे केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे दोघेही काँग्रेसमध्ये परतले. साताऱ्याचेच यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. १९६२ साली साताऱ्यातून काँग्रेसचे खासदार म्हणून निवडून आलेले किसन वीर तर प्रतिसरकारमधले नानांचे जुने सहकारी. सत्ताच हवी असती तर ओळखीची माणसं तिथे बसलेली होती. नाना गेले नाहीत.

उरतो तिसरा मुद्दा : लोकांनी मत दिलं ते क्रांतिसिंहांना, पक्षाला नव्हे. १९५७ साली ते साताऱ्यातून लोकसभेवर गेले तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची लाट होती, त्यामुळे त्या निकालाबाबत हे बरंचसं पटतं. १९६७चं मात्र तसं नाही. लाट केव्हाच ओसरली होती आणि मतदारसंघ होता बीड, निजामाच्या राज्यातला जुना मुलूख, जिथे प्रतिसरकार कधी पोचलंच नव्हतं. तिथल्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी सत्तरीकडे झुकलेल्या या कम्युनिस्ट उमेदवाराला दिल्लीला पाठवलं. ते मत एकट्या पक्षाचं होतं असा दावा मी करत नाही. पण केवळ जुन्या पराक्रमाच्या पुण्याईचंही ते नव्हतं.