बाराशेची चिमणी आणि चार इंची भोक

"आमची बाराशेची आहे हं," असं म्हणत मावशीनं ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर टाकल्या. दोन मिनिटांत हॉलमधल्या सगळ्यांना ठसका लागला. चिमणी वर अशी घोंघावत होती की आता तवाही उचलून नेईल असं वाटावं. धूर मात्र निवांतपणे पडद्यांवर जाऊन बसत होता.

जितका आकडा मोठा तितकी चिमणी भारी, हे मी लिफ्टपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे ऐकतो. हजारापेक्षा बाराशे बरी, बाराशेपेक्षा पंधराशे. अहो, नसतं तसं!

हा आकडा म्हणजे तासाला किती घनमीटर हवा ओढली जाते ते. दहा बाय आठचं, नऊ फूट उंचीचं स्वयंपाकघर भरतं जेमतेम २० घनमीटर. म्हणजे १२०० च्या हिशेबानं मावशीच्या स्वयंपाकघरातली हवा दर मिनिटाला अख्खी बदलायला हवी. मग ठसका कसला? तर खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा पुढे पाईप, वळणं असा कसलाही अडथळा नसतानाचा असतो. घरात सगळा अडथळाच असतो.

मी स्टुलावर चढून पाहिलं. चिमणीचं तोंड सहा इंची. फिटरनं त्याला चुण्याचुण्यांचा ॲल्युमिनियम पाईप जोडून अर्धवट ताणला होता, तीन वळणं देऊन फिरवला होता आणि शेवटी खिडकीच्या काचेत आधीपासून असलेल्या चार इंची भोकात कोंबून वर चंदेरी टेप गुंडाळली होती. सहाचे चार इंच केले की वाट निम्म्याहूनही कमी होते, ४४ टक्के उरते. त्या भोकातून तासाला १२०० घनमीटर हवा जायची तर तिला ताशी सुमारे १४८ किलोमीटर वेग लागेल. हवामान खात्याच्या हिशेबात हे अतितीव्र चक्रीवादळ झालं. मावशीच्या खिडकीबाहेर हात धरला तर फुंकर मारल्याएवढा वारा लागत होता.

"पण दुकानात त्यानं कागद चिकटवून दाखवला होता!" मावशी म्हणाली. या कागदानं फार लोकांना फसवलंय. कागद चिकटला की तेवढ्या जागेतून हवा जाणंच थांबतं, त्याला धरून ठेवतो तो दाबातला फरक. पाईप चिंचोळा असला तरी कागद चिकटतोच. हवा वाहते किती, हे त्यातून कळत नाही.

लागते तरी किती? अमेरिकेतल्या होम व्हेंटिलेटिंग इन्स्टिट्यूटची शिफारस आहे की भिंतीलगतच्या चिमणीला रुंदीच्या दर फुटामागे मिनिटाला १०० घनफूट. दोन फुटी चिमणीला म्हणजे तासाला ३४० घनमीटर. आपल्या फोडण्या आणि तळण धरून थोडं वाढवा, पण ते प्रत्यक्ष बाहेर पडू द्या. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या घरांत बसवलेल्या चिमण्या तपासल्या, तेव्हा काही शेगडीचे वायू १५ टक्क्यांहून कमी पकडत होत्या, तर काही ९८ टक्क्यांहून जास्त. मागच्या बर्नरवरचे वायू बहुधा जास्त पकडले जात होते. तेव्हा फोडणी मागच्या बर्नरवर द्या, याला पैसे पडत नाहीत. चिमणी शेगडीहून अरुंद नको, आणि शेगडीच्या वर साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटरवर असावी. उंची शेगडीपासून मोजा, ओट्यापासून नव्हे.

आणखी एक, खिडक्या गच्च लावून चिमणी चालत नाही. जेवढी हवा बाहेर जाते तेवढी कुठून तरी आत यावीच लागते. वाट नसेल तर ती बाथरूमच्या जाळीतून येते, वासासकट. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर हा मामला नुसत्या वासाचा राहत नाही. त्याचा जळका वायू उलटा घरात ओढला जाऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. चिमणी चालू असताना खिडकी थोडी तरी उघडी ठेवाच.

ऑटो-क्लीन म्हणजे साफसफाईतून सुटका? हीटर आतल्या पंख्यावरचं तेल वितळवून वाटीत आणतो, वाटी तुम्हालाच रिकामी करायची असते. बॅफल फिल्टर महिन्यातून एकदा गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणानं धुवा. ॲल्युमिनियमच्या जाळीला कॉस्टिक सोडा लावू नका, तो धातूच खातो.

पाईप नसलेली चिमणीही तेवढीच चांगली? नाही. कोळशाचा फिल्टर वास धरतो, वाफ आणि उष्णता घरातच राहते. तो फिल्टर सहसा धुऊन चालत नाही, काही महिन्यांनी बदलावा लागतो.

गॅसवर धूर कुठे असतो? कढईत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात खूप तापलेल्या तळणाच्या धुराला 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलंय.

मावशीच्या खिडकीला आता सहा इंची भोक आहे आणि पाईपला एकच वळण. यंत्र तेच, बटणही बहुतेक वेळा पहिल्यावरच. तुमच्याकडची चिमणी तपासायची तर पंखा बंद करा, एक अगरबत्ती पेटवून पुढच्या बर्नरवर धरा आणि चिमणी लावा. धूर तुमच्या तोंडावर आला तर नवी चिमणी बघायला जाऊ नका, आधी स्टुलावर चढून पाईप बघा.