रात्रपाळीने घडवलेला साहेब

कर्नाळा अभयारण्याच्या आसपास रसायनी, पाताळगंगा, तळोजा असा रासायनिक कारखान्यांचा पट्टा आहे. अशा कारखान्यात प्लांट सांभाळावा तो पुरुषानेच, हे आजही सहज बोललं जातं. या बोलण्यामागचे तीन समज तपासून पाहण्यासारखे आहेत.

गैरसमज : बायकांनाच प्रॉडक्शन नको असतं; त्या आपणहून लॅब निवडतात.

वस्तुस्थिती : निवडायला दोन्ही वाटा मोकळ्या असाव्या लागतात. 1948 च्या कारखाने अधिनियमातील कलम 66 ने महिलांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 कामावर ठेवायला मनाई केली. राज्य सरकारला या वेळा सैल करता येत, पण रात्री 10 ते पहाटे 5 ची बंदी हलत नसे. कामाच्या तासांच्या इतर नियमांतून व्यवस्थापकांना सूट होती. ही बंदी मात्र कलम 64 ने महिला व्यवस्थापकांवरही कायम ठेवली. रासायनिक प्लांट चोवीस तास चालतो, आणि शिफ्ट इनचार्ज न होता प्लांट मॅनेजर होणं अवघडच. हेतू संरक्षणाचा होता, हा आक्षेप खोटा नाही. पण त्या संरक्षणाची किंमत बाईने बढती गमावून मोजली. महाराष्ट्राने 2015 च्या दुरुस्तीने रात्रपाळी खुली करताना सुरक्षेची जबाबदारी मालकावर टाकली. हे आधीही करता आलं असतं.

गैरसमज : नवं काही करण्याची धमक पुरुषी स्वभावातच असते.

वस्तुस्थिती : रात्री तीनला रिअ‍ॅक्टरचं तापमान चढू लागलं, की कूलिंग वाढवायचं की बॅच थांबवायची, हे शिफ्टवरच्या माणसाला तिथल्या तिथे ठरवावं लागतं. धमक अशा निर्णयांतून येते आणि प्रक्रियेत सुधारणा कुठे करायची, तेही तिथेच उमगतं. लॅबचं दार उघडं होतं, तिथे काय झालं? पुण्याच्या मायलॅबमध्ये मिनल दाखवे-भोसले यांच्या नेतृत्वाखाली कोरोना चाचणीचा संच सुमारे सहा आठवड्यांत तयार झाला आणि मार्च 2020 मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याच दिवसांत त्या बाळंत झाल्या. एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही, हे मान्य. पण ‘स्वभावातच नाही’ हा दावा खोडायला ते पुरतं.

गैरसमज : कायदा बदलला, आता अडचण उरली नाही.

वस्तुस्थिती : प्लांटप्रमुख घडायला पंधरा-वीस वर्षं लागतात. आज त्या खुर्चीसाठी ज्यांची नावं निघतात, त्यांची उमेदवारी बंदीच्या काळातच झाली. म्हणून बढतीच्या बैठकीत एखादीच्या नावापुढे ‘शिफ्टचा अनुभव नाही’ असा शेरा पडला, तर तो अनुभव कंपनीने तिला कधी देऊ केला होता, हेही त्याच कागदावर लिहायला हवं.