बाळाच्या विकासातील विलंब : जोखीम वेळीच ओळखू या

काही वर्षांपूर्वी येथे इंदूरमध्ये एक आजी आपल्या १८ महिन्यांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. मूल एकही शब्द बोलत नव्हते. “डॉक्टरसाहेब, ह्याचा बापही उशिराच बोलला,” असे त्या म्हणाल्या आणि मीही “थोडी वाट पाहू” असा सल्ला दिला. सहा महिन्यांनी श्रवणचाचणी केली, तेव्हा दोन्ही कानांत तीव्र दोष आढळला. जन्मवेळच्या डिस्चार्ज कार्डावर ३२व्या आठवड्यातील प्रसूती आणि रक्त बदलावे लागण्याइतकी कावीळ, अशा दोन्ही नोंदी होत्या. मी ते कार्ड मागितलेच नव्हते.

विकासातील विलंबाची जोखीम बहुधा अशी आधीच लिहून ठेवलेली असते. जन्मापूर्वी मातेची आयोडीनची कमतरता, रुबेलासारखा संसर्ग, मद्यपान वा आनुवंशिक दोष. जन्मवेळी ३७ आठवड्यांपूर्वीची प्रसूती, विशेषतः १५०० ग्रॅमपेक्षा कमी वजन, उशिरा रडणे, झटके येणे, रक्तातील साखर घटणे. जन्मानंतर मेंदूज्वर, कुपोषण व लोहाची कमतरता. बाळाशी कोणी न बोलणे आणि हाती मोबाईल देऊन त्याला गप्प बसविणे, हीदेखील जोखीमच होय.

जोखीम म्हणजे निदान नव्हे. ती केवळ जागरूक राहण्याची सूचना आहे. जन्मजात थायरॉईडची उणीव टाचेतील रक्ताच्या काही थेंबांवरून कळते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाल्यास बौद्धिक हानी बहुतांशी टळते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. मात्र चौथ्या महिन्यात मान न धरणे, नवव्यात आधाराशिवाय न बसणे, अठराव्यात न चालणे वा एकही अर्थपूर्ण शब्द न बोलणे, तसेच आलेले कौशल्य कोणत्याही वयात हरपणे, ह्यांपैकी काहीही दिसल्यास तपासणी लांबवू नये. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत ही सेवा विनामूल्य मिळते.

त्या मुलास श्रवणयंत्र लाभले व तो बोलू लागला. पण वाया गेलेले सहा महिने मी त्याला परत देऊ शकलो नाही. तेव्हापासून पहिल्या भेटीत माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “जन्माचे कार्ड आणलेत का?” माझ्या व्यवसायबंधूंनीही तो अवश्य विचारावा, आणि पालकांनी ते कार्ड जपून ठेवावे, एवढीच विनंती.