चांदी पक्की की कच्ची?

कापडाच्या धंद्यात रंग पक्का की कच्चा, हा सवाल जुना आहे. ताक्याचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासून पाहणारे बुजुर्ग आपण सर्वांनी पाहिले आहेत. आता हाच सवाल चांदीबद्दल विचारण्याची वेळ आली आहे.

२०२० च्या कोरोना साथीनंतर ‘अँटिबॅक्टेरियल’ मोजे, बनियन व टॉवेल बाजारात वाढले. यांपैकी काही मालात चांदीचे अतिसूक्ष्म, म्हणजे नॅनो कण असतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे कण साधारणपणे शंभर नॅनोमीटरपेक्षाही लहान असतात. ओलावा मिळाला की त्यांतून चांदीचे आयन सुटतात, जंतूंच्या प्रथिनांतील गंधकाला चिकटतात आणि जंतूंचे काम बंद पाडतात. घरातली चांदी काळी पडते, तीही गंधकामुळेच.

हे कण कापडात टिकतात ते पॉलिमरच्या जोरावर. पॉलिएस्टरचा धागा काढतानाच चांदी आत मिसळता येते, किंवा फिनिशिंगच्या वेळी बाइंडरने वरून बसवता येते. बाइंडर हाही पॉलिमरच. पकड ढिली असेल तर चांदी धुण्याच्या पाण्यात जाते.

अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचे ट्रॉय बेन व पॉल वेस्टरहॉफ यांनी २००८ मध्ये हेच तपासले. बाजारातले सहा प्रकारचे मोजे त्यांनी पाण्यात धुतले. एक ग्रॅम मोज्यात जास्तीत जास्त १३६० मायक्रोग्रॅम चांदी सापडली. काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांत निघून गेली, तर काहींतली फारशी हलली नाही. लेबल पाहून हा फरक कळत नाही. शिवाय निसटलेली चांदी सांडपाण्यात जाते आणि ते पाणी शुद्ध करणाऱ्या उपयोगी जंतूंनाही तिचा धोका असतो.

मी स्वतः यात फसलो आहे. एका पुरवठादाराकडून असे टॉवेल जादा भावाने घेतले. महिन्याभरात एक गिऱ्हाईक परत आले. म्हणाले, “शेठ, वास तर तसाच येतो!” रिपोर्ट काढून पाहिला, तर तपासणी कोऱ्या, न धुतलेल्या कापडाची होती. लेबल मीच वाचून दाखवले होते, म्हणून पैसेही मीच परत केले.

तेव्हा दुकानदार बंधूंनो, माल उचलण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा. चांदी धाग्यात आहे की वरून लावलेली? आणि वीस किंवा पन्नास धुण्यांनंतरचा रिपोर्ट आहे का? एएटीसीसी १०० किंवा आयएसओ २०७४३ या पद्धतीने जंतू किती घटले ते मोजता येते. मात्र रिपोर्टवर किती धुण्यांनंतरची तपासणी आहे, ते लिहिलेले असले पाहिजे. घाटकोपरच्या बीटीआरएसारख्या संस्थेत नमुना देऊन खात्री करून घेता येते.

रिपोर्ट नसेल, तर साधा टॉवेल साध्या भावाने विका. गिऱ्हाईक पुन्हा आपल्याच दुकानात येईल.