अडतं ते सहीपाशी

टॅब्लेट लॅपटॉपची जागा घेईल का, हा प्रश्न अजूनही ताकदीच्या हिशेबात मांडला जातो. तो हिशेब केव्हाच मिटला: २०२१ पासून आयपॅड प्रोमध्ये मॅकबुकमधलीच एम१ चिप आली. काम अडतं ते दुसरीकडेच. चार्टर्ड अकाउंटंटचं ऑफिस घ्या. क्लायंटची एक्सेल फाइल आयपॅडवर उघडते, आकडे दुरुस्तही होतात. पण त्यातलं मॅक्रोचं बटण दाबून काही घडत नाही, कारण आयपॅडवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालतच नाहीत. टॅली विंडोजवरची. डिजिटल सहीचा टोकन खोचायला यूएसबी-सी पोर्ट आहे, पण टोकन ओळखणारं सॉफ्टवेअर प्रामुख्याने विंडोजसाठी लिहिलेलं. दिवसभराचं काम हातावेगळं होतं आणि एका सहीसाठी लॅपटॉप उघडावाच लागतो. मराठी छपाईतही तेच. इनडिझाइन आयपॅडवर नाही, आणि युनिकोडपूर्व फॉन्टमधला जुना मजकूर तो फॉन्ट नसेल तर निव्वळ चिन्हांचा गोंधळ दिसतो. म्हणून माझं ठाम मत आहे की, निर्णय रोजच्या सरासरी कामावरून घेऊ नये. जे एक काम टाळताच येत नाही, त्यावरून घ्यावा.

यावर कुणी म्हणेल, रिमोट डेस्कटॉप आहे ना! आहे, आणि चांगला चालतो. पण मग ऑफिसातला पीसी चालूच ठेवावा लागतो, म्हणजे संगणक सुटला नाही, नुसता लांब गेला. सॉफ्टवेअर सुधारतंय, हेही खरं. २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये हव्या तशा लहानमोठ्या होणाऱ्या विंडो आल्या, मेन्यू बार आला. टोकनचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, कारण तो टोकनचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या हातात आहे. सर्फेस प्रोवर पूर्ण विंडोज मिळतं, पण तो मुळात कीबोर्ड सुटा होणारा लॅपटॉपच; शिवाय आर्म प्रोसेसरचं मॉडेल असेल तर आपला टोकन त्यावर चालतो का, हे आधी तपासलेलं बरं. हलकेपणाचंही तसंच: १३ इंची एम४ आयपॅड प्रो ५७९ ग्रॅमचा, पण मॅजिक कीबोर्ड जोडला की वजन मॅकबुक एअरच्या १.२४ किलोच्या आसपास जातं.

जे काम आपल्याच हातात सुरू होऊन तिथेच संपतं, तिथे मात्र टॅब्लेटला तोड नाही. चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी २०२० चा नॉर्मंडीतला वसंत आयपॅडवर रंगवला आणि ती चित्रं पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागली. साइटवर उभ्या उभ्या ड्रॉइंगवर खुणा करणारा आर्किटेक्ट, शेकडो पानांच्या पेपरबुकात समासात टिपणं घेणारा वकील यांना लॅपटॉप उलट आडवा येतो. त्यांनी टॅब्लेट जरूर घ्यावा, आणि कीबोर्डचे पैसे पेन्सिलीवर घालावेत.