पालकसभेत आधी पोराला बोलू द्या



शाळेतून निरोप येतो, "अमुक वारी पालकसभा आहे, हजर राहावे." भाताची लावण असो की सुगी, आपण हातातलं काम टाकून जातो. गुरुजी किंवा बाई सांगतात, "गणितात जरा कच्चा आहे, घरी लक्ष द्या." आपण मान डोलावतो, सही करतो आणि घरी येऊन पोरावर ओरडतो. ज्याच्या अभ्यासाची एवढी चर्चा झाली, ते पोर मात्र तेवढा वेळ बाहेर खेळत असतं, नाहीतर कोपऱ्यात मान खाली घालून उभं असतं.

हीच सभा दुसऱ्या रीतीनेही घेता येते. परदेशातल्या अनेक शाळांत ती रीत आहे. तिथे मूल, आई-वडील आणि शिक्षक एकत्र बसतात, पण सभा मूल चालवतं. आपली वही उघडून ते तीन गोष्टी सांगतं: मला काय जमलं, कुठं अडलं आणि पुढच्या महिन्यात मी काय करणार. शिक्षक बाजूला बसतात, लागेल तिथं भर घालतात. एका मुलाला पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

यानं काय होतं? आपल्या गटाचंच बघा. गट नवा असताना सचिव एकटीच हिशोब वाचते आणि बाकीच्या "बरोबर आहे" म्हणतात. पासबुक आपल्या हातात आलं, माझी बचत किती, माझा हप्ता किती राहिला हे बैठकीत आपल्या तोंडानं सांगायला लागलो, की तो हिशोब आपला होतो. मग चूकही आपल्यालाच आधी दिसते. पोरांच्या अभ्यासाचंही तसंच आहे. "तू गणितात कच्चा" हे दुसऱ्यानं सांगितलं की मूल गप्प बसतं. "मला भागाकारात हातचा चुकतो" असं ते स्वतः म्हणालं, की पुढं काय करायचं तेही त्याला सुचायला लागतं.

आपल्या तालुक्यात याची गरज जास्त आहे. वाड्यावस्त्यांवरच्या शाळा लहान. वरच्या वर्गासाठी पोरांना दुसऱ्या गावाला जावं लागतं. त्या वळणावर पोरीचं शिक्षण पुढं न्यायचं की थांबवायचं, हे घरातली मोठी माणसं ठरवतात. एसटी, पाऊस, खर्च, सगळ्याचा विचार होतो. तिला काय वाटतं ते विचारायचं राहून जातं. पाचवीपासून दर सहामाहीला जी मुलगी आई-बापासमोर वही उघडून बोलली आहे, ती त्या दिवशीही बोलू शकेल. आणि तिला काय येतं हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं असेल.

अशी सभा एका दिवसात होत नाही, तयारी लागते. त्या परदेशी शाळांत आठवड्यातला काही वेळ यासाठीच राखलेला असतो. एका शिक्षकाकडे थोडीच मुलं असतात. त्या वेळात धडा शिकवत नाहीत. आठवडा कसा गेला, काय अवघड वाटलं, यावर बोलतात. आपल्याकडे पट कमी म्हणून आपण शाळेला नावं ठेवतो, पण या कामाला कमी पट सोयीचाच. राज्यात २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आला आहे. त्यातली वीस मिनिटं किंवा परिपाठातला थोडा वेळ मागता येईल. प्रत्येक मुलाची एक साधी फाईल करायची. जूनमधलं एक पान, ऑक्टोबरमधलं एक पान, तारीख घालून. चांगलं काम ठेवायचं, तसं चुकलेलंही ठेवायचं. फरक मग सगळ्यांनाच दिसतो.

हे आपल्या मातीला परकं नाही. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. पोर शाळेत आलं. तिथं ते गप्प बसू नये, त्याच्या प्रश्नाला आणि अनुभवाला जागा मिळावी, म्हणून लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही लिहिलं आहे की प्रगतीपत्रकात मुलानं स्वतः केलेलं मूल्यमापन असावं.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पालकांशी नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी आणि प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. म्हणजे आपल्या गटातली कुणीतरी तिथं असेलच. विषय तिनं मांडायचा.

सभेत आपण काय करायचं?

• मूल बोलताना मध्ये बोलायचं नाही. ते थांबलं तर थोडं थांबून बघायचं.
• "हे तू कसं केलंस?" असं विचारायचं. "एवढेच मार्क?" असं नाही.
• शेजारच्या पोराचं नाव काढायचं नाही.
• वाचता येत नसेल तर लाजायचं नाही. "मला वाचून दाखव," म्हणायचं. पोराचा तेवढाच सराव होतो.
• शेवटी एकच ठरवायचं: पोर काय करणार आणि घरातून आपण काय देणार. दिव्याखाली अर्धा तास, एक जागा, किंवा सकाळच्या कामातून थोडी सूट.

एक लक्षात ठेवा. सभा मुलानं चालवली म्हणून शिक्षकाची जबाबदारी कमी होत नाही. पोराला वाचताच येत नसेल तर शिकवण्याचं काम शाळेचंच. आणि मारहाण, छेडछाड, घरातलं दुखणं अशा गोष्टी चारचौघांत विचारू नका. त्यासाठी शिक्षकांशी आणि मुलाशी वेगळं बसा.

पुढच्या गट बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर दहा मिनिटं या विषयाला द्या. शाळेकडे मागणी करायची का, समितीत कोण बोलणार, ते ठरवून इतिवृत्तात लिहा. तोवर आज रात्री जेवणं झाली की पोराला दप्तर घेऊन जवळ बसवा आणि म्हणा, "या आठवड्यात तुला काय नवीन जमलं, दाखव बघू."