प्रौढांमधील एडीएचडी

प्रौढांमधील एडीएचडी, अर्थात अवधान-अभाव व अतिक्रियाशीलता विकार, ही बालपणी सुरू होऊन प्रौढ वयातही टिकणारी मेंदूच्या विकासाशी संबंधित अवस्था आहे. नावात 'अभाव' असला, तरी या व्यक्तींकडे अवधान नसते असे नाही. ते हवे तेव्हा हव्या त्या कामाकडे वळवणे त्यांना कठीण जाते. आवडीच्या कामात तीच व्यक्ती तासन्‌तास तहानभूक विसरते. त्यामुळे 'मनात आणले तर जमते' असा समज होतो आणि अवस्थेला आळस, वेंधळेपणा किंवा बेफिकिरी ठरवले जाते.

निदान

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ मधील पाचव्या निदान-पुस्तिकेनुसार काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसलेली असावी लागतात आणि त्यांचा त्रास घर व काम अशा किमान दोन ठिकाणी व्हावा लागतो. लहान मुलांत सहा लक्षणांची अट आहे. १७ वर्षांवरील व्यक्तींत पाच पुरतात. प्रौढपणी धावपळ, उड्या मारणे कमी होते व आतली अस्वस्थता उरते. शांत पण हरवल्यासारख्या दिसणाऱ्या मुलींकडे शाळेत लक्ष जात नाही, म्हणून अनेक स्त्रियांचे निदान उशिरा होते. नैराश्य, चिंता, अपुरी झोप व थायरॉइडचे विकार यांतही एकाग्रता ढळते. त्यामुळे प्रश्नावली भरून स्वतःच काढलेला निष्कर्ष निदान ठरत नाही.

दैनंदिन जीवन व काम

मुख्य अडचण काळाच्या अंदाजाची असते. पनवेलसारख्या उपनगरी शहरात ती रोज अनुभवास येते. हार्बर मार्गाने पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचण्यास सुमारे एक तास वीस मिनिटे लागतात, आणि हा आकडा प्रवाशाला पाठ असतो. मात्र किल्ल्या शोधणे, डबा भरणे, रिक्षा मिळवणे, फलाट गाठणे या आधीच्या पायऱ्या हिशेबात धरल्याच जात नाहीत. घरातून निघायची वेळ म्हणजे गाडी सुटायची वेळ, असे गणित मनात होते. उशीर ठरलेलाच असतो, आणि दोष मात्र स्वभावाला मिळतो.

घरकामातही कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे विसरणे, वीजबिलाचे पैसे खात्यात असूनही मुदत टळणे, असे प्रकार घडतात. कार्यालयात नवे काम उत्साहाने सुरू होते, पण शेवटचा कंटाळवाणा भाग रेंगाळतो. मुदत अगदी जवळ आली की काम झपाट्याने उरकते. ही पद्धत वर्षानुवर्षे चालली तर थकवा येतो.

स्मरणशक्तीवर विसंबण्याऐवजी आठवण बाहेर ठेवणे अधिक उपयोगी पडते. कारखान्यांत पाळी बदलताना नोंदवही भरतात, कारण थकलेल्या माणसाच्या आठवणीवर यंत्रे सोपवता येत नाहीत. येथे तत्त्व तेच आहे. किल्ल्यांसाठी दाराजवळ एकच खुंटी, निघण्याच्या वेळेचा (गाडीच्या नव्हे) गजर, तोंडी सूचनेऐवजी लेखी सूचना, मोठ्या कामाचे छोट्या मुदतींत विभाजन, सहकाऱ्याच्या सोबतीने बसून काम करणे, हे उपाय साधे आहेत. मात्र नवेपणा ओसरला की तेही सुटतात. ते अधूनमधून बदलावे लागतात.

उपचार

मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध व ॲटोमोक्सेटिन हे अनुत्तेजक औषध भारतात वापरले जाते. मिथाइलफेनिडेट औषध नियमांच्या 'एक्स' अनुसूचीत आहे. त्यासाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते, विक्रेत्याला एक प्रत दोन वर्षे जपावी लागते आणि वेगळा परवानाही घ्यावा लागतो. साहजिकच ते प्रत्येक दुकानात मिळत नाही. ज्याला नियमितपणाच जमत नाही, त्याला दर खेपेस चिठ्ठी व दुकान दोन्ही सांभाळावे लागतात, ही यातली विसंगती आहे. औषधाच्या जोडीला वर्तनोपचारही उपयोगी ठरतो.

कायदेशीर स्थिती

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता यांचा उल्लेख आहे; एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यास महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षेत वाढीव वेळ मिळतो. ज्यास केवळ एडीएचडी आहे अशा कर्मचाऱ्यास शांत जागा किंवा लवचीक वेळ मिळणे मात्र बहुधा वरिष्ठांच्या समजूतदारपणावर अवलंबून राहते, आणि त्यासाठी निदान उघड करायचे की नाही हे त्याला आधी ठरवावे लागते.